दमट किनाऱ्यावर पाळण्याजोगे सरपटणारे प्राणी

रायगडच्या किनाऱ्यावर सरपटणारा प्राणी पाळायचा तर आधी तीन गोष्टी क्रमाने तपासाव्या लागतात. कायदा तो घरात ठेवू देतो का, माणसाचा हात त्याला सोसतो का आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची ओली हवा त्याला मानवते का. रंगरूपाचा विचार त्यानंतर. दुकानात हा क्रम नेमका उलटतो. तिथे आधी डोळ्यांत भरतो तो रंग, मग पिल्लाचा इवलासा आकार, आणि कागदपत्रांचा विषय निघालाच तर शेवटी. घरी आणलेले बरेच प्राणी वर्षभरही जगत नाहीत, त्याचे एक मोठे कारण या उलट्या क्रमात आहे.

घराभोवतीचे प्राणी आणि कायदा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची चणचण नाही. नारळी-पोफळीच्या वाड्यांत नानेटी फिरते, शेताच्या बांधावर धामण दिसते, पाणथळीत दिवड असते, झुडपाच्या फांदीवर हरणटोळ तासन्‌तास निश्चल पडून असतो. 1986 साली घोषित झालेल्या फणसाड अभयारण्यात अजगर आहे, घोरपड आहे. दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. यांतले काही प्राणी विलक्षण देखणे आहेत. हरणटोळाचा पोपटी रंग आणि आडवी बाहुली पाहिल्यावर तो हाती घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु यांतला एकही घरी ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे वन्य प्राणी नुसता पकडणे हीसुद्धा शिकारच ठरते. 2022 साली झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली आणि अनुसूच्यांची मांडणी बदलली. अजगर, घोरपड, नाग हे सगळे आता पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद व किमान 25 हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. कोकणात पूर्वी विहिरीत कासव सोडण्याची चाल होती. ते पाणी स्वच्छ ठेवते, अशी समजूत त्यामागे होती. गोड्या पाण्यातली देशी कासवे आज याच कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत, त्यामुळे ती चालही आता कायद्यात बसत नाही.

देशी सापांमध्ये हाताळणी सर्वाधिक सोसणारा साप म्हणजे मांडूळ. कोरड्या, भुसभुशीत जमिनीत राहणारा, जाडजूड, तांबूस-तपकिरी अंगाचा हा बिनविषारी साप सहसा चावत नाही. शेपटी बोथट आणि डोक्याच्याच आकाराची असल्यामुळे त्याला ‘दोन तोंडांचा’ म्हणतात. या गरीब स्वभावानेच त्याचा घात केला आहे. मांडुळामुळे गुप्तधन सापडते, त्याचे वजन जितके जास्त तितकी किंमत लाखांनी वाढते, असल्या भाकडकथांवर राज्यभर त्याची तस्करी चालते. वजन वाढवण्यासाठी जिवंत सापाच्या पोटात छरे भरल्याची प्रकरणेही उघडकीस आली आहेत. हाती घेता येणारा साप हवा म्हणून कोणी मांडूळ देऊ केले, तर तो सौदा नसून सरळ गुन्हा असतो. तारा कासवाचीही तीच गत आहे. त्याच्या पाठीवरची पिवळी नक्षी इतकी मोहक आहे की जगभर त्याला मागणी असते, आणि म्हणूनच 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराने सर्वांत कडक बंधन घातले आहे. हे कासव रायगडचे नव्हे, पण भारताचे आहे. ते घरात ठेवता येत नाही.

म्हणजे पर्याय उरतो तो परदेशी जातींचा, आणि त्यांनाही नियम आहेतच. केंद्र सरकारने जून 2020 मध्ये स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली. तिच्या मुदतीत ज्यांनी आपल्याकडचे परदेशी प्राणी जाहीर केले त्यांच्याकडे मागची कागदपत्रे मागितली गेली नाहीत. ती सवलत केव्हाच संपली आहे. साइट्सच्या याद्यांतील जाती आता अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. 28 फेब्रुवारी 2024 रोजी आलेल्या नियमांनुसार अशा प्राण्याचा ताबा, त्याला झालेली पिल्ले, त्याचे हस्तांतर आणि मृत्यू या सगळ्यांची नोंद ‘परिवेश 2.0’ या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे ठरलेल्या मुदतीत करावी लागते. यादीबाहेरच्या जातीही आयात करायच्या तर परवाना लागतोच.

हे बंधन कागदापुरते वाटत असेल, तर मुंबई विमानतळावरच्या घटना पाहाव्यात. डिसेंबर 2023 मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाला सापडले. अशा मार्गाने आलेला साप तहानलेला, जंतुसंसर्ग झालेला आणि भेदरलेला असतो. त्याच्यासाठी पैसे मोजणारा ग्राहक त्या पाकिटाचा शेवटचा मालक ठरतो. पावती, पैदास करणाऱ्याचा तपशील आणि लागू असेल तिथे नोंदणीचा कागद, एवढे हाती आल्याशिवाय व्यवहार करू नये. ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून तर मुळीच नाही.

हात सोसणे म्हणजे काय

कुत्रे किंवा मांजर माणसाची सोबत शोधते. सरपटणारे प्राणी तसे करत नाहीत. कळपात राहणे, पिल्लांना दीर्घकाळ जपणे, एकमेकांना चाटून-घासून साफ करणे, या ज्या सवयींतून सस्तन प्राण्यांना स्पर्शाची ओढ येते, त्या बहुतेक साप-सरड्यांच्या आयुष्यात नसतातच. त्यांना जमते ते एवढेच: मोठा, उबदार, हळू हालणारा हात पुन्हापुन्हा येतो आणि त्यापासून इजा होत नाही, हे शिकून भीती सोडणे. पाळीव साप माणसाला ओळखतो की नाही यावर वाद होऊ शकतो. तो सवयीने निवांत होतो, हे मात्र निश्चित.

इथेच सर्वांत मोठी फसगत होते. भीतीने गोठलेला प्राणी आणि निवांत प्राणी वरवर सारखेच दिसतात. बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर घाबरला की अंगाचा घट्ट चेंडू करतो आणि डोके मधोमध दडवतो. पाहणाऱ्याला वाटते, किती गरीब आहे! वास्तविक तो त्याचा अखेरचा बचाव असतो. निवांत अजगर वेगळा दिसतो. त्याचे वेटोळे सैल असते, जीभ संथ लयीत आतबाहेर होते, डोके पुढे येऊन बोटांचा अंदाज घेते आणि शरीर मनगटाला आधारापुरतीच पकड देते. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याचा गळा काळा पडला तर तो चिडलेला किंवा ताणाखाली आहे. लेपर्ड गेको ही पाल शेपटी वर उचलून संथपणे हलवू लागली की ती धोका जाणवल्याची खूण असते, आणि कधीकधी त्यानंतर शेपटी तुटून पडते. ती पुन्हा येते, पण पहिल्यासारखी निमुळती आणि वलयांकित नव्हे, तर जाड, गुळगुळीत गड्ड्यासारखी. दुकानातला सरडा तळहातावर डोळे मिटून बसला असेल तर तो माणसाळलेला असण्यापेक्षा थंडावलेला किंवा आजारी असण्याची शक्यता अधिक. या प्राण्यांच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते. ऊब मिळाली नाही की हालचाल, पचन, प्रतिकारशक्ती सारेच मंदावते.

गारुड्याचा नाग हेही हाताळणी सोसण्याचे उदाहरण नव्हे. त्याचे दात मोडलेले किंवा तोंड शिवलेले असते आणि असा नाग काही आठवड्यांत उपासमारीने वा जखमेच्या संसर्गाने मरतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणीही सवयीने माणसाळत नाही. तशा समजुतीवर सर्पमित्रांनीही जीव गमावले आहेत.

हवामानाशी जुळणारी जात

परदेशी पुस्तकांत ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ म्हणून ज्या जाती सांगितलेल्या असतात, त्या थंड आणि कोरड्या हवेच्या देशांतल्या घरांना धरून सांगितलेल्या असतात. तिथे अडचण असते ती ऊब निर्माण करण्याची. रायगडच्या किनाऱ्यावर ऊब फुकट मिळते. अडचण असते ती ओलाव्याची. जुलैत जांभ्याच्या भिंती घाम फुटल्यासारख्या ओलावतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, आणि हवेतली आर्द्रता कित्येक दिवस 85-90 टक्क्यांच्या खाली उतरत नाही. प्राण्याची मूळ भूमी आणि ही हवा ताडून पाहिली की निवड बरीच सोपी होते.

या कसोटीवर पहिला क्रमांक कॉर्न स्नेकचा लागतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडा-जॉर्जियाच्या उष्ण, दमट, भरपूर पावसाच्या प्रदेशातला हा साप. लांबी साधारण तीन ते पाच फूट, अंग सडपातळ, पाठीवर काळ्या कडांचे तांबडे-नारिंगी डाग आणि पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची नक्षी. तो बिनविषारी आहे, मोठेपणी क्वचितच चावतो आणि खाण्याबाबत कुरकुर करत नाही. बेताच्या आकाराचा एक उंदीर आठवडा-दहा दिवस पुरतो. 24 ते 29 अंश तापमान त्याला मानवते, म्हणजे वर्षातले बहुतेक महिने या किनाऱ्यावर त्याला दिव्याची गरज पडत नाही. पिल्लू पहिले काही महिने बुजरे असते, हातात आले की सुळसुळत पळ काढते. नियमित, थोडा थोडा वेळ हाताळले तर दीडेक वर्षात ते बोटांमधून सावकाश ओघळत राहणारा साप बनते. साइट्सच्या यादीत ही जात नाही, त्यामुळे चौथ्या अनुसूचीची नोंदणी तिला लागत नाही. तरीही आयातीचे नियम आणि पावती सुटत नाही.

त्याचा एक दोष गंभीर आहे. कॉर्न स्नेक फटीतून निसटण्यात पटाईत असतो. पेटीचे झाकण बोटभर उघडे राहिले तरी सकाळी पेटी रिकामी सापडते. आणि जी हवा त्याला घरात मानवते तीच वाडीतही मानवणार. उंदीर-घुशी आहेत, गवताच्या गंजी आहेत, दगडी गडग्यांच्या फटी आहेत. हा साप कॅरिबियन बेटांवर असाच पोहोचून स्थिरावलेला आहे. कडी लावता येणारे सरकते झाकण नसेल तर हा साप आणूच नये.

दुसरी निवड बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटा अजगर जाड, मंद आणि हाताळायला सर्वांत सोपा. कॉर्न स्नेकची लगबग ज्यांना घाबरवते, त्यांना याचा संथपणा आवडतो. घाना, टोगो, बेनिन इथून त्याची वर्षाला हजारोंनी निर्यात होत आली आहे. 55 ते 70 टक्के ओलावा त्याला हवाच असतो, म्हणून कोकणची हवा त्याला कोरड्या शहरांपेक्षा बरी. पण तो खाण्याच्या बाबतीत लहरी आहे. हिवाळ्यात किंवा जागा बदलल्यावर तीन-चार महिने उंदराकडे ढुंकूनही न पाहणारे निरोगी बॉल पायथन असतात, आणि नवख्या मालकाचा धीर तेवढ्यात सुटतो. आयुष्य 20 ते 30 वर्षे. साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने नोंदणी अनिवार्य. शाळेतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला हा साप त्या मुलाच्या लग्नानंतरही घरात असेल, हे आईवडिलांनी आधीच धरून चालावे.

स्वभावाने सर्वांत गोड प्राणी या दोघांपैकी कोणी नाही. तो मान मध्य ऑस्ट्रेलियाच्या बिअर्डेड ड्रॅगनचा. दीड-दोन फुटांचा हा सरडा दिवसा जागा असतो, खांद्यावर बसून राहतो, मान वळवून माणसाकडे पाहतो, भाजीपाला आणि किडे दोन्ही खातो. सरडे आवडणाऱ्याने त्याच्या प्रेमात पडावे असाच तो आहे. तरीही रायगडच्या किनाऱ्यासाठी त्याची शिफारस करता येत नाही. त्याला 30-40 टक्के आर्द्रता, 38-42 अंशांचा शेकण्याचा कोपरा आणि रोज दहा-बारा तास यूव्हीबी किरणांचा दिवा लागतो. हा दिवा नसेल तर त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडून वाकतात. दमट हवेत फुप्फुसांचा संसर्ग ठरलेला. आणि दिव्यासाठी वीज हवी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वादळ दरवर्षी येत नाही. पण पावसाळ्यात एक-दोन दिवस वीज जाणे इथे नित्याचे आहे. वातानुकूलित खोली आणि इन्व्हर्टर असलेल्या घराने हवे तर विचार करावा.

लेपर्ड गेको म्हणजे ठिपकेदार पाल. हिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे ती भिंतीवर चढून नाहीशी होत नाही. पापण्या हालतात, चेहऱ्यावर कायमचे हसू असल्यासारखे वाटते. सात-आठ इंचांच्या या पालीला जागा थोडी पुरते आणि ती 15-20 वर्षे जगते. जगभर नवशिक्यांच्या हाती सर्वप्रथम हीच दिली जाते. इथे दोन हरकती आहेत. ती कोरड्या, खडकाळ प्रदेशातली आहे. अंग चोरून बसायला एक ओलसर खोबण आणि बाकी पेटी कोरडी, अशी तिची गरज पावसाळ्यात सांभाळणे कष्टाचे आहे. दुसरी हरकत कायद्याची. तिचे क्षेत्र अफगाणिस्तान-पाकिस्तानकडून वायव्य भारताला येऊन भिडते, आणि तिची जवळची नातलग, युब्लेफॅरिस फस्कस, खुद्द पश्चिम भारतातल्या डोंगरांत राहते. लहानपणी दोघींच्याही अंगावर पट्टे असतात आणि जंगलातून उचललेली देशी पाल ‘विदेशी’ म्हणून खपवणे अवघड नसते. वनविभागाकडून लेखी खुलासा घेतल्याखेरीज हिला हात लावू नये.

क्रेस्टेड गेको या किनाऱ्यावर नकोच. न्यू कॅलेडोनियातली ही पाल नामशेष झाली असे मानले जात होते, 1994 साली ती पुन्हा सापडली. तिला 28 अंशांवरचे तापमान फार काळ सोसत नाही, आणि इथला मे महिना तिचा जीव घेईल. हिरवा इग्वाना ओल्या हवेत उत्तम वाढतो, आणि अडचण त्या वाढण्याचीच आहे. हातभर पोपटी पिल्लू तीन-चार वर्षांत पाच फुटांचे होते, विणीच्या काळात नर आक्रमक होतात, शेपटीचा फटका चाबकासारखा लागतो.

सर्वाधिक खपणारा प्राणी मात्र हाताळण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट आहे. कानामागे लाल पट्टा असलेले, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे हिरवे कासव मुंबईतल्या मत्स्यालयांच्या दुकानांत सहज मिळते. हा अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातला रेड-इअर्ड स्लायडर. मोठेपणी मादी जेवणाच्या ताटाएवढी होते, पाणी रोज घाण करते, उचलले की नखांनी ओरबाडते आणि 30 वर्षे जगू शकते. त्याच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असतात. मुले तोंडात घालतील इतकी लहान कासवे विकण्यावर अमेरिकेने 1975 साली बंदी घातली, युरोपीय संघाने 1997 साली या जातीची आयात थांबवली. कंटाळलेले मालक ते तळ्यात सोडतात. तिथे ते देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते.

रंगाची किंमत

पैदास करणारे निवडक जोड्या लावून सापांचे आणि पालींचे नवनवे रंग तयार करतात. पांढरा-पिवळा, जांभळट, बिनडागी, उलट्या पट्ट्यांचा. भाव ठरतो तो या रंगांवर. यांतले बहुतेक निरुपद्रवी आहेत. कॉर्न स्नेकचा काळे रंगद्रव्य नसलेला नारिंगी प्रकार पिढ्यान्‌पिढ्या निरोगी जगत आला आहे. काही रंग मात्र आजारासकट येतात, आणि याची कल्पना ग्राहकाला क्वचितच दिली जाते.

‘स्पायडर’ बॉल पायथनच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघांची नक्षी असते. त्याच जनुकामुळे त्याचा तोल बिघडतो. डोके डुगडुगते, साप मान उलटी करून छताकडे पाहत राहतो, उंदरावर झेप घेताना नेम चुकतो. ‘लेमन फ्रॉस्ट’ या लिंबोणी रंगाच्या लेपर्ड गेकोचे उदाहरण अधिक बोलके आहे. या पालींपैकी 80 टक्क्यांहून अधिक पालींच्या त्वचेत पांढऱ्या गाठी होतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या रंगाचा संबंध एसपीआयएनटी-1 या जनुकाशी जोडला गेला. माणसात हे जनुक कर्करोगाला अटकाव करणारे म्हणून ओळखले जाते. ज्या बदलाने रंगपेशी वाढून पाल चमकदार दिसते, त्याच बदलाने त्या पेशी बेबंद वाढतात. बिअर्डेड ड्रॅगनचा ‘सिल्कबॅक’ प्रकार तर खवल्यांविनाच जन्मतो. त्याची कातडी भाजते, फाटते, कात नीट निघत नाही. देखणा प्राणी हवा असणे यात गैर काही नाही. परंतु नैसर्गिक रंगातला कॉर्न स्नेक इतका देखणा आहे की आजारी रंगाच्या मागे जाण्याचे काही कारण उरत नाही.

प्राणी पाहून घेणे

जात ठरली तरी नेमका कोणता प्राणी घ्यायचा, हे प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे. फोटोवरून किंवा कुरिअरने मागवू नये. डोळे स्वच्छ आणि भरलेले असावेत. नाकपुड्यांत बुडबुडे, तोंड उघडे ठेवून घेतलेला श्वास, शिट्टीसारखा आवाज ही फुप्फुसांच्या संसर्गाची लक्षणे. शेपटीच्या मुळाशी विष्ठा चिकटलेली नसावी. सापाच्या खवल्यांच्या सांध्यांत, विशेषतः डोळ्यांभोवती आणि हनुवटीखाली, मिरीच्या कणाहूनही बारीक काळे ठिपके सरकताना दिसले तर ते रक्त पिणारे परजीवी. पालीची बोटे मोजून पाहावीत. कात अडकून रक्तपुरवठा थांबल्याने पेरे झडलेली असू शकतात. हातात घेतल्यावर शरीरात जोर जाणवला पाहिजे. लुळा पडलेला साप शांत नसतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला खाताना पाहणे. साप असेल तर गोठवून वितळवलेला मेलेला उंदीर तो खातो का, हे विचारून भागत नाही. समोर खाऊ घालायला सांगावे. जिवंत उंदरावर वाढलेला साप घरी आणल्यावर त्याची सवय बदलणे कठीण जाते, आणि कोपऱ्यात सापडलेला जिवंत उंदीर सापाला चावून गंभीर जखमी करतो. अंड्यातून नुकते निघालेले पिल्लू घेण्याऐवजी सहा महिने ते वर्षभराचे, स्थिर खाणारे जनावर घेणे कधीही शहाणपणाचे.

डॉक्टरांचा विचारही आधीच करावा. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गायी-म्हशी, शेळ्या, कोंबड्यांसाठी सज्ज असतो, अजगराच्या न्यूमोनियासाठी नव्हे. अशा वेळी मुंबई गाठावी लागते. तिथे 1886 पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला आहे, जुने मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयही परळलाच आहे, आणि सरपटणारे प्राणी पाहणारे खासगी डॉक्टरही आहेत. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेच्या लाँच बंद असतात. 2020 पासून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो सेवा सुरू आहे, नाहीतर वडखळ-पनवेल मार्गे रस्ता आहे. श्रीवर्धनहून आजारी साप घेऊन निघालेल्या माणसाचा अख्खा दिवस यात जातो.

पेटी आणि हाताळणी

पेटी माजघरात किंवा आतल्या खोलीत ठेवावी. पडवीत पावसाची झड येते आणि उन्हाळ्यात ऊन. खारी हवा लोखंडी जाळी दोन पावसाळ्यांत गंजवते, आणि गंजलेल्या जाळीवर नाक घासून सापाच्या थोबाडाला जखमा होतात. म्हणून स्टेनलेस स्टीलची जाळी किंवा छिद्रे पाडलेले ॲक्रिलिक बरे. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत. पावसाळ्यात तळाला नारळाचा भुसा किंवा लाकडाचा चुरा न घालता साधा कागद अंथरावा आणि ओला झाला की लगेच बदलावा. सतत ओल्या तळावर राहिलेल्या सापाच्या पोटाचे खवले लालसर होतात, फुगतात आणि कुजू लागतात. सुरुवातीला हे सहज नजरेतून सुटते, म्हणून पोटाकडची बाजू आठवड्यातून एकदा मुद्दाम पाहावी. हवा खेळती राहण्यासाठी झाकणाबरोबर बाजूलाही छिद्रे लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 17-18 अंशांवर उतरला तर थर्मोस्टॅट जोडलेले उष्णतेचे पॅड पेटीच्या एका टोकाखाली लावावे, म्हणजे प्राण्याला ऊब आणि गारवा यांतून निवड करता येते.

नवा प्राणी घरी आल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस त्याला हात लावू नये. दोनदा नीट खाल्ल्यावर हाताळणी सुरू करावी. हात वरून नेऊ नये, कारण या प्राण्यांच्या जगात वरून येते ती घार. बाजूने, सावकाश, शरीराच्या मध्याखाली तळहात घालावा आणि दुसऱ्या हाताने मागचा भाग तोलावा. मानेला धरू नये. सुरुवातीला पाच मिनिटे, पुढे पंधरा-वीस. खाल्ल्यावर किमान दोन दिवस हाताळू नये, नाहीतर गिळलेला उंदीर उलटून पडतो. डोळे दुधाळ झाले म्हणजे साप कात टाकणार आहे. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही आणि तो एरवीपेक्षा भित्रा असतो. हाताला उंदराचा किंवा कोंबडीच्या मांसाचा वास येत असेल तर साप हातालाच भक्ष्य समजतो, म्हणून आधी हात धुवावेत. नंतरही साबणाने धुवावेत, साल्मोनेलासाठी. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि आजारी वृद्ध यांनी हाताळणी टाळावी.

एक धोका केवळ अशाच भागात उद्भवतो. घरात साप हाताळायला शिकलेले मूल अंगणातल्या सापालाही हात घालू शकते. पावसाळ्यात रात्री घरात शिरणारी मण्यार आणि पालींच्या मागावर येणारा बिनविषारी कवड्या साप पटकन ओळखू येत नाहीत. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात, मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक राहतात. पण हा फरक बॅटरीच्या उजेडात दोन क्षणांत पाहून ठरवण्याचा नाही. मुलाला पहिल्या दिवसापासून एकच नियम शिकवावा: पेटीतला साप तो आपला, पेटीबाहेरचा कोणताही साप मोठ्यांना बोलावून दाखवायचा. रानातला साप घरात आला तर वनविभागाच्या 1926 या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर कळवता येते.

पाळीव प्राणी ठेवणे पुढे अशक्य झाले, तर तो नव्या मालकाकडे रीतसर सोपवावा आणि चौथ्या अनुसूचीतला असेल तर हस्तांतराची नोंद करावी. मेला तर मृत्यूचीही नोंद करावी लागते. नवा मालक मिळत नसेल तर वनविभागाशी बोलून प्राणी कुठे देता येईल हे ठरवावे, वेळ लागला तरी. विहीर, ओढा, वाडी किंवा फणसाडचे रान यांपैकी कुठेही परदेशी प्राणी सोडू नये. तो मेला तर हाल होऊन मरतो, आणि जगला तर दिवड, नानेटी आणि देशी कासवांच्या वाट्याचे खाऊन जगतो.